डेव्हलपरच्या कामाला गुण कशानं द्यावेत: रेटिंग स्केल की रुब्रिक?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

टीममध्ये १४ डेव्हलपर, ३ लीड (प्रत्येकाची छोटी टीम). जावा बॅकएंड आणि रिअ‍ॅक्ट. सहामाही अप्रेझलच्या फॉर्मवर ८ मुद्दे आहेत (कोडचा दर्जा, तांत्रिक ज्ञान, ओनरशिप, कम्युनिकेशन वगैरे) आणि प्रत्येकापुढे १ ते ५. १ म्हणजे 'असमाधानकारक', ५ म्हणजे 'उत्कृष्ट'. मधल्या आकड्यांचा अर्थ कुठेच लिहिलेला नाही.

मागच्या फेरीचे आकडे मांडले तर एका लीडची सरासरी ४.२, दुसऱ्याची ३.३. तिसऱ्यानं ५ जणांच्या मिळून ४० चौकटींपैकी ३३ मध्ये सरळ ३ टाकलेत, म्हणजे सब घोडे बारा टक्के. तिन्ही टीमच्या कामात एवढा फरक किंवा एवढा सारखेपणा नाही, हे प्रॉडक्शनमधल्या बगांवरून दिसतं.

आता रुब्रिक (प्रत्येक पातळीला नेमकं काय दिसायला हवं ते लिहिलेला तक्ता) करावं असं चाललंय. प्रश्न असे:

१. स्केल पूर्ण टाकून द्यायची, की दोन्ही ठेवायचं?
२. पातळ्या किती? निकष किती?
३. लीडचा वेळ किती जाईल?
४. शेवटी एचआरला एकच आकडा लागतो. तो कसा काढायचा?

---

चाचणीवाली

आधी एक घोळ मिटवू. आकडे दोन्हीकडे असतात, पातळ्याही दोन्हीकडे असतात. फरक एवढाच की स्केलवर आकड्यापुढे विशेषण असतं आणि रुब्रिकमध्ये डोळ्यांनी दिसणारी गोष्ट असते. '२ – कोड बरा, ३ – कोड चांगला, ४ – कोड खूपच चांगला' असं लिहून त्याला रुब्रिक म्हणणारे तक्ते ढिगानं सापडतील. ते जुन्याच स्केलला नवी चौकट घातल्यासारखे असतात.

एकच ओळ नमुन्याला देते. निकष: बिघाडाची हाताळणी (बॅकएंड पीआर; पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, मुख्य कोडमध्ये मर्ज करायला, म्हणजे मिसळायला, पाठवलेला बदल).

पातळी १: कॅच ब्लॉक (चूक झाली तर चालणारा कोड) रिकामा, किंवा नुसतं प्रिंट करून पुढे. बाहेरच्या सेवेला केलेल्या कॉलला टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा) नाही.
पातळी २: एरर लॉग होते, पण कुठल्या रिक्वेस्टची ते लॉगवरून कळत नाही. सगळ्या चुकांना ५०० (सर्व्हरच बिघडल्याचा कोड) जातो.
पातळी ३: चुकीच्या इनपुटला ४००, नसलेल्या नोंदीला ४०४ असा फरक केलेला. लॉगमध्ये रिक्वेस्ट आयडी. बाहेरच्या कॉलला टाइमआउट.
पातळी ४: ३ मधलं सगळं, शिवाय रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, कुठे चालेल आणि कुठे नाही हे कोडमध्ये दिसतं (पैसे कापणाऱ्या कॉलला आयडेम्पोटन्सी की आहे, म्हणजे कॉल दोनदा गेला तरी पैसे एकदाच कापले जातात), आणि बिघाडाच्या वाटेची निदान एक टेस्ट आहे.

असं लिहायचं तर टेबलाशी बसून कल्पनेतून लिहू नका. मागच्या वर्षातले मर्ज झालेले १२–१५ पीआर घ्या, नावं झाका, तिन्ही लीडना वेगवेगळं बसवून तीन ढीग करायला सांगा: चांगले, चालतील असे, परत पाठवायला हवे होते असे. मग प्रत्येक पीआरपाशी थांबून 'या ढिगात का?' एवढंच विचारा. जी उत्तरं येतात ('रोलबॅक करताच येणार नाही असं मायग्रेशन आहे', 'एकाच पीआरमध्ये रिफॅक्टर आणि फीचर कालवलंय') तीच तुमची वर्णनं. ही कल्पना काही नवी नाही. स्मिथ आणि केंडल या संशोधकांनी १९६३ साली परिचारिकांच्या कामासाठी वर्तनाच्या उदाहरणांवर बेतलेल्या स्केल याच वाटेनं बांधल्या. उदाहरणं एका गटानं गोळा करायची, दुसऱ्या गटाला ती निकषांत परत वाटायला द्यायची, आणि जे उदाहरण मूळ निकषात परत येत नाही ते फेकून द्यायचं. ही परत वाटायची पायरी लोक गाळतात. मग 'बिघाडाची हाताळणी' आणि 'टेस्ट' या दोन ओळींत एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

लिहिताना पातळी ३ आधी, म्हणजे 'हे झालं की मर्ज करायला हरकत नाही'. मग १, मग ४. पातळी २ सगळ्यात शेवटी, कारण तीच अवघड. ३ आणि २ मधला फरक वाक्यात मांडता येत नसेल तर तिथे दोन पातळ्या नाहीतच, तीनवर थांबा. चारच हव्यात असा काही शास्त्राधार नाही. सम संख्येचा फायदा एवढाच की मधोमध लपायला जागा उरत नाही. तुमच्या तिसऱ्या लीडसाठी ते कामाचं आहे.

निकष पाचाच्या वर नेऊ नका. आणि जे मशीन सांगतं ते रुब्रिकमध्ये नको: फॉरमॅटिंग, लिंट, बिल्ड, कव्हरेजचा टक्का. त्यासाठी ईएसलिंट, चेकस्टाइल ही साधनं आणि सीआय (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) आहेत. माणसाची १५ मिनिटं स्पेस-टॅबवर घालवायची नाहीत.

---

आकडेमोड

वरची ओळ चांगली आहे, पण तिच्यात दोन भोकं आहेत. पातळी ३ मध्ये तीन अटी एकत्र बांधल्यात. स्टेटस कोड नीट, रिक्वेस्ट आयडी आहे, पण टाइमआउट नाही: याला काय द्यायचं? एक लीड ३ देईल, एक २. शिवाय टाइमआउटचा उल्लेख १ मध्ये आहे, ३ मध्ये आहे, २ मध्ये गायब. म्हणजे रिक्वेस्ट आयडी असूनही टाइमआउट नसलेला पीआर १ मध्ये पडतो की २ मध्ये, हे तक्ता सांगतच नाही. उपाय दोन. एक, अट फोडून वेगळा निकष करा. दोन, तक्त्याच्या डोक्यावर नियम लिहा: 'ज्या पातळीच्या आणि तिच्या खालच्या सगळ्या अटी पूर्ण, तीच पातळी', आणि एक अट सुरू केली की तिला सगळ्या पातळ्यांतून न्या.

आता सरासरीबद्दल. १ ते ५ हे क्रम सांगणारे आकडे आहेत. २ आणि ३ मधलं अंतर ४ आणि ५ मधल्या अंतराइतकंच आहे असं कुणी मोजलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सनं मोजमापाच्या चार जाती १९४६ साली मांडल्या, तेव्हापासून यावर वाद आहे. वाद बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा: ४, ४, १ ची सरासरी ३ आणि ३, ३, ३ ची सरासरीही ३. पहिल्याच्या तिसऱ्या निकषाचं नाव 'सुरक्षितता' असेल तर हे दोघे एकाच पंगतीत बसत नाहीत.

४.२ विरुद्ध ३.३ हा सढळ हात आणि हातचं राखून देणं यातला फरक असण्याची शक्यता दाट. गुण देणाऱ्याच्या अशा सवयी हे जुनं दुखणं आहे. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांवरचे शेरे तपासून दाखवलं की वेगवेगळ्या गुणांवरचे शेरे एकमेकांशी गरजेपेक्षा जास्त जुळतात. एका गोष्टीचं चांगलं मत बाकीच्यांवर सांडतं. २००० साली स्कलेन, माउंट आणि गॉफ यांनी व्यवस्थापकांच्या रेटिंगचं पृथक्करण केलं, तर गुणांतल्या चढउतारापैकी निम्म्याहून जास्त भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीचा निघाला. म्हणजे फॉर्मवर नाव डेव्हलपरचं आणि मापलं जातंय लीडला.

पण रुब्रिक आणलं की हे आपोआप सुटतं असंही नाही. लँडी आणि फार या दोन संशोधकांनी १९८० पर्यंतचं संशोधन चाळून म्हटलं होतं की नुसता फॉर्मचा आकार बदलून फारसं साधत नाही. फरक पडतो तो एकत्र बसून त्याच नमुन्यांवर गुण देण्याच्या सरावानं. म्हणून मोजून पाहा.

पद्धत सोपी आहे. दोन लीड, २० जुने पीआर, एकमेकांना न विचारता. समजा निकष हो/नाही असा आहे: 'बदललेल्या वागणुकीची टेस्ट आहे का?' दोघांचं हो ९, दोघांचं नाही ५, पहिल्याचं हो पण दुसऱ्याचं नाही ४, उलट २. जुळलेले १४, म्हणजे ०.७०. ऐकायला बरं वाटतं. पण पहिला २० पैकी १३ वेळा हो म्हणतो, दुसरा ११ वेळा. नुसत्या योगायोगानं जुळण्याचं प्रमाण ०.६५ × ०.५५ + ०.३५ × ०.४५ = ०.५१५. योगायोग वजा करून उरणारी जुळणी मोजणारा कोहेनचा कॅपा (१९६०) = (०.७० − ०.५१५) ÷ (१ − ०.५१५) = ०.३८. एवढ्यावर कुणाची पगारवाढ ठरवू नये. ०.६ च्या वर येईपर्यंत वर्णन दुरुस्त करा. चार पातळ्यांसाठी वेटेड कॅपा (१९६८) वापरा, म्हणजे १ विरुद्ध ४ चा मतभेद ३ विरुद्ध ४ पेक्षा जड धरला जातो. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सावधगिरी: २० पीआर सगळे सारखेच निवडलेत तर दोघं जवळजवळ सगळीकडे ३ देतील, जुळणी ९५ टक्के दिसेल आणि कॅपा तरीही तळाला जाईल. सूत्र बिघडलेलं नाही, नमुन्यात फरकच नाही. मुद्दाम वाईट पीआर मिसळा.

---

गिटगोंधळ

दोघांशी सहमत, पण मूळ प्रश्नातला 'की' मला पटत नाही. रुब्रिक तुकड्याला लावायचं असतं: हा पीआर, हे डिझाइन डॉक्युमेंट, हा इन्सिडंटनंतरचा अहवाल. माणसाची सहामाही हा तुकडा नव्हे. 'अडकलेल्या सहकाऱ्याला मदत' याचा पुरावा कुठल्या एका पीआरमध्ये शोधणार? तिथे स्केलच बरी, फक्त विशेषणाची नको, वारंवारतेची घ्या. 'रिव्ह्यू मागितल्यावर एका कामाच्या दिवसात उत्तर देते/देतो: क्वचित / निम्म्या वेळा / बहुतेक वेळा / जवळजवळ नेहमी / मला पाहायला मिळालं नाही.' ते शेवटचं घर अत्यंत महत्त्वाचं. ते नसलं की न पाहिलेल्या गोष्टीवरही लोक मधला आकडा ठोकतात आणि तुमचे ३३ तीन तयार होतात. असे प्रश्न ६ पुरे, ४–५ सहकाऱ्यांकडून.

नुसती पीआर-रुब्रिक लावली तर सगळ्यात जास्त फटका सीनियरना बसतो. त्यांचं निम्मं काम पीआरमध्ये दिसतच नाही. 'हे फीचर करूच नका, असलेल्या क्यूवर भागेल' असं म्हणून वाचवलेला महिना कुठल्या डिफमध्ये (कोडमधल्या फरकात) येतो? म्हणून त्यांच्या नमुन्यात दोन डिझाइन डॉक्युमेंट आणि त्यांनी दुसऱ्याच्या पीआरवर केलेले दोन रिव्ह्यू घ्या. रिव्ह्यूची रुब्रिक वेगळी लागते. तिथे पातळी १ म्हणजे नुसतं 'एलजीटीएम' ('ठीक दिसतंय') किंवा फक्त नावांवर टिप्पण्या. पातळी ३ म्हणजे टिप्पणीत कारण आहे आणि 'हे केल्याशिवाय मर्ज नको' व 'जमलं तर करा' असा फरक स्पष्ट आहे.

ज्युनियर-सीनियरला वेगळी रुब्रिक मात्र करू नका. वर्णन तेच, अपेक्षित पातळी वेगळी. एक वर्षाच्या अनुभवाला बिघाडाच्या हाताळणीत २ अपेक्षित, पाच वर्षांच्याला ३. वेगवेगळ्या रुब्रिक झाल्या की दर फेरीला कुणीतरी विचारतं, 'माझी ३ आणि तिची ३ एकच का?' आणि उत्तर नसतं.

नमुना कुणी निवडायचा हे फॉर्मपेक्षा महत्त्वाचं आहे. लीडला आठवतील ते पीआर घेतले तर मागचे तीन आठवडे आणि एखादी फजिती एवढंच येतं. गिटमधून यादी काढा. ५० ओळींपेक्षा छोटे, नुसतं लॉक-फाइल (लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी) बदलणारे आणि जनरेट केलेल्या कोडचे पीआर वगळा. उरलेल्यांतून दोन रँडम, एक बग दुरुस्तीचा, एक डेव्हलपरच्या पसंतीचा. पसंतीचा ठेवल्यानं कुरकूर कमी होते आणि त्याला चांगलं काम म्हणजे काय वाटतं तेही कळतं.

हल्ली आणखी एक भर. बराचसा कोड एआय असिस्टंट लिहून देतो, त्यामुळे टेस्टची संख्या, कॉमेंटचा सफाईदारपणा या गोष्टी फुकट मिळतात. टेस्ट मोजाल तर एकही अर्थपूर्ण असर्ट (निकाल तपासणारी ओळ) नसलेल्या ४० टेस्ट येतील. पसंतीच्या पीआरवर १० मिनिटं बसवून दोन प्रश्न विचारा: 'ही अट काढली तर काय मोडेल?' आणि 'दुसरा कुठला मार्ग सोडून दिला?' याची वेगळी ओळ करा.

आणि कुणी 'त्यापेक्षा डोराचे आकडे लावू' म्हणालं (डोरा हा सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरचा संशोधन प्रकल्प) तर थांबवा. डिप्लॉयमेंटची वारंवारता, बदलाला लागणारा वेळ, अपयशी बदलांचं प्रमाण, सेवा पूर्ववत होण्याचा वेळ हे टीमच्या आणि तिच्या पाइपलाइनच्या तब्येतीचे आकडे आहेत. एका माणसाच्या गळ्यात अडकवायचे नाहीत.

---

अर्धविराम

भरपूर मिळालं, आभार. पण वेळेचा हिशेब घाबरवतो. १४ जण × ६ पीआर = ८४, प्रत्येकी दोन लीड, १५ मिनिटं धरली तर ४२ तास. लीडमागे १४ तास. नाकापेक्षा मोती जड. आणि एचआरच्या एका आकड्याचं राहिलंच.

---

चाचणीवाली

सहा नको, चार घ्या. ५६ झाले. दोन लीडनी पाहायचे ते फक्त चौथा हिस्सा, म्हणजे १४, तेही रँडम. एकूण ७० वेळा × १५ मिनिटं = साडेसतरा तास, लीडमागे सहाच्या आत. सरावाच्या बैठकीचे दोन तास वर धरा. आणि सहा महिन्यांचं वाचन शेवटच्या आठवड्यात ढकलू नका. दोन महिन्यांनी एकेक हप्ता पाडा. लीडनं स्वतःच्या टीमचे पीआर बघूच नयेत असं काही सुचवतात, पण संदर्भ माहीत नसला की १५ मिनिटांची ३० होतात. दुहेरी तपासणीपुरता बाहेरचा लीड पुरे.

प्रत्येक गुणापुढे फाइल आणि ओळीचा दुवा सक्तीचा ठेवा. दुवा नाही तर गुण नाही. एवढ्या एका अटीनं सढळ हात पुष्कळ आखडतो.

एका आकड्यासाठी सरासरी काढू नका, नियम लावा. प्रत्येक निकषाला 'चारपैकी निदान तीन पीआरमध्ये गाठलेली पातळी' घ्या. ४, ३, ३, २ असेल तर ३. एखादा वाईट दिवस माफ होतो आणि एखादा चमकदार पीआर सगळं झाकत नाही. मग पट्टा: पाचही निकषांत अपेक्षित पातळी आणि निदान दोनांत वर, तर एचआरच्या फॉर्मवर ४. निदान चारांत अपेक्षित पातळी आणि कुठेही १ नाही, तर ३. याखाली २. पाच आणि एक हे कागदावर कारण लिहून, तिन्ही लीडच्या संमतीनंच. सहकाऱ्यांची वारंवारतेची उत्तरं या आकड्यात मिसळू नका, ती बोलण्यासाठी.

---

आकडेमोड

वजनं लावायचा मोह होईल ('टेस्टला ४० टक्के'), म्हणून आधीच सांगतो. वजन कागदावर ४० टक्के असलं तरी त्या ओळीत सगळ्यांना ३ च मिळाले असतील तर क्रमवारीवर तिचा परिणाम शून्य. १० टक्के वजनाची पण १ ते ४ पसरलेली ओळ सगळं ठरवते. खरं वजन हे कागदावरचं वजन × प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत याचं माप) यावर अवलंबून असतं. नियमांचा पट्टा यातून सुटतो.

एचआर बेल कर्व्ह (ठरावीक टक्के लोकांना वर आणि ठरावीक टक्क्यांना खाली ठेवायची सक्ती) मागत असेल तर मात्र आधी भांडण तिथे मिटवा. रुब्रिक विचारतं 'काम ठरलेल्या पातळीला पोचलं का', आणि सगळेच पोचू शकतात. बेल कर्व्ह विचारतो 'दहातला खालचा कोण'. मायक्रोसॉफ्टनं सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडच्या कित्येक कंपन्यांत ती कुठल्या ना कुठल्या नावानं चालूच आहे. दोन्ही एकत्र ठेवलंत तर लीड आधी बेल कर्व्ह भरतील आणि मग त्याला जुळणारे रुब्रिकचे गुण उलटे लिहितील.

---

अर्धविराम

बेल कर्व्हबद्दल सोमवारी एचआरशी बोलतो. तोवर टेस्टच्या ओळीची पातळी ३ लिहून पाहिली: 'बदलासाठी पुरेशा युनिट टेस्ट आहेत आणि त्या अर्थपूर्ण आहेत.' चालेल?

---

चाचणीवाली

'पुरेशा' आणि 'अर्थपूर्ण' दोन्ही काढा. तीन लीड तीन अर्थ लावतील. असं लिहा: 'बदललेल्या प्रत्येक अटीच्या खऱ्या आणि खोट्या दोन्ही वाटांना टेस्ट आहे. बदल मागे घेतला तर निदान एक टेस्ट लाल होते.' दुसरं वाक्य लीडनं खरोखर करून पाहायचं: ब्रँच घ्या, मूळ फाइल परत आणा, टेस्ट चालवा. तीन मिनिटं लागतात. सगळं हिरवंच राहिलं तर पातळी १.